बॅग तुम्ही स्वतःच भरलीत ना?

परदेशी जाणारी पुष्कळशी विमानं अपरात्री सुटतात. दिवसभर सामान बांधून आपली कंबर मोडलेली असते, निरोप द्यायला आलेल्यांचा चहा झालेला असतो, वजनकाट्यावर बॅग दोन किलोंनी जास्त भरल्यामुळे ऐनवेळी बेसनाच्या लाडवांचा एक डबा घरी परत पाठवलेला असतो. अशा वेळी काउंटरवरची ती चुणचुणीत मुलगी मान वर न करता विचारते, ‘बॅग तुम्ही स्वतःच भरलीत ना? कुणी काही दिलंय का न्यायला?’

आपण ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतो. खरं म्हणजे बॅग सुनेनं भरलेली असते, वरचा कप्पा ह्यांनी कोंबलेला असतो, आणि शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं कापडात शिवलेलं पार्सल तळाशी असतं. पण एवढी कथा कोण सांगत बसणार? मागे रांग खोळंबलेली असते.

मैत्रिणींनो, हा प्रश्न उपचाराचा नाही. तो का विचारतात हे समजून घ्यायचं असेल तर १९८६ सालच्या लंडनला जायला हवं.

त्या वर्षी १७ एप्रिलला हीथ्रो विमानतळावर एक आयरिश तरुणी इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानात बसायला आली. वय बत्तीस. लंडनच्या एका मोठ्या हॉटेलात ती खोल्या आवरण्याचं काम करायची. दिवस गेलेले होते, पाच-सहा महिने झालेले. होणाऱ्या मुलाचा बाप नेझार हिंदावी हा जॉर्डनचा. बराच काळ टाळाटाळ करून अखेर त्यानं लग्नाला होकार दिला होता. ‘तू पुढे हो, मी दुसऱ्या विमानानं येतो, तिकडेच लग्न करू,’ असं त्यानं सांगितलं. तिकीट त्यानं काढलं. नवी बॅगही त्यानंच आणून दिली. विमानतळापर्यंत टॅक्सीनं सोडायलाही आला.

ती बॅग विमानतळाच्या नेहमीच्या क्ष-किरण तपासणीतून बिनबोभाट पार झाली. पण एल अल कंपनीची स्वतःची वेगळी तपासणी होती. तिथल्या तपासनिसानं तिला साधे प्रश्न विचारले आणि बॅग रिकामी करायला लावली. कपडे बाहेर काढले, सगळं बाहेर काढलं, आणि रिकामी बॅग हातात उचलली, तर ती जड लागली. रिकाम्या बॅगेला एवढं वजन कुठलं? तळाचा पत्रा उचकटला तेव्हा खाली जवळजवळ दीड किलो स्फोटक द्रव्य पसरून लावलेलं निघालं. बॅगेतला एक साधा गणकयंत्राचा डबा म्हणजे त्याचा चाप होता. विमानात पावणेचारशेच्या आसपास माणसं बसणार होती. त्यांत ती स्वतः, आणि तिच्या पोटातलं त्याचंच मूल.

तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. हे न्यायालयातही सिद्ध झालं. हिंदावीला पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये तोवर कुणालाही इतक्या नेमक्या वर्षांची एवढी मोठी सजा सुनावली गेली नव्हती.

मला या हकिगतीत सर्वांत बोचतं ते हे की बॉम्ब नेणारी ही बाई अतिरेकी दिसत नव्हती, कारण ती नव्हतीच. तिची झडती घेताना कुठल्याही माणसाला संकोच वाटला असता. गरोदर बाई, लग्नाला निघालेली, डोळ्यांत आनंद. तिला निवडलं होतं तेच यासाठी. आणि तिला वाचवलं ते कुठल्या भारी यंत्रानं नव्हे. ‘बॅग कुठून आली, कुणी भरली,’ हे विचारण्याच्या शिस्तीनं आणि रिकामी बॅग हातात तोलून पाहणाऱ्या माणसाच्या अंदाजानं. डाळीचा डबा उचलला की आतली डाळ किती उरली हे आपल्याला कळतं ना, तसंच ते.

माणूस नाही, पण बॅग चढली

आता याच्या दहा महिने आधीची गोष्ट. ही तर आपल्याच माणसांची आहे.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं ‘सम्राट कनिष्क’ नावाचं बोइंग ७४७ कॅनडातल्या माँट्रियलहून लंडनला यायला निघालं होतं. तिथून ते दिल्लीला आणि पुढे मुंबईला यायचं होतं. कॅनडातल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी लागलेली. आजीआजोबांना भेटायला निघालेली मुलं, मुलांना घेऊन माहेरी निघालेल्या आया, असं ते विमान होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, एकतीस हजार फुटांवर, सामानाच्या कप्प्यात स्फोट झाला. विमानातली सर्वच्या सर्व ३२९ माणसं गेली. त्यांत ऐंशीहून अधिक लहान मुलं होती. मृतदेह मिळाले ते अवघे १३१.

हा घात एका बॅगेनं केला. आदल्या दिवशी व्हँकुव्हरच्या विमानतळावर एक माणूस काउंटरवर आला. त्याचं टोरांटोपर्यंतचं तिकीट पक्कं होतं. पुढच्या एअर इंडियाच्या विमानात मात्र तो प्रतीक्षायादीवर होता. नियमाप्रमाणे बॅग टोरांटोपर्यंतच जायला हवी होती. तो म्हणाला, थेट दिल्लीपर्यंत लावा. काउंटरवरची बाई नाही म्हणाली. तो हुज्जत घालू लागला, भावाला घेऊन येतो म्हणाला. मागे रांग वाढत होती. माणसं चुळबुळ करत होती. अखेर तिनं ‘बरं’ म्हटलं आणि बॅगेला पुढची चिठ्ठी लावली.

बॅग चढली. माणूस चढलाच नाही. आणि तो चढला नाही म्हणून बॅग उतरवायला हवी हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

पुढेही ती अडण्याची संधी होती. टोरांटोला एअर इंडियाच्या सामानासाठी क्ष-किरण यंत्र लावलेलं होतं, ते दुपारीच बंद पडलं. मग हातात धरायच्या एका वासयंत्रावर काम भागवलं गेलं. त्यानं मध्येच बारीकसा आवाज केल्याचीही नोंद आहे. पण बॅगा पुढे गेल्या. माँट्रियलला तीन संशयास्पद बॅगा बाजूला काढून ठेवल्या होत्या, पण श्वानपथकाचा माणूस कुत्रा घेऊन पोहोचला तोवर विमान निघून गेलेलं होतं.

त्याच दिवशी, या स्फोटाच्या तासभर आधी, जपानच्या नारिता विमानतळावर आणखी एका बॅगेचा स्फोट झाला आणि सामान उतरवणारे दोन कामगार ठार झाले. ती बॅगसुद्धा व्हँकुव्हरहूनच आलेली, तिचाही धनी विमानात नव्हता, आणि ती जायची होती एअर इंडियाच्याच बँकॉकच्या विमानात.

समुद्राच्या तळातून विमानाच्या नोंदपेट्या वर काढल्या गेल्या. त्यांच्या तपासणीत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाही हात होता. तपास मात्र रखडत गेला. २००५ साली दोन मुख्य आरोपी पुराव्याअभावी सुटले. शिक्षा झाली ती बॉम्ब बनवण्यात हात असलेल्या एका माणसालाच. कॅनडा सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगानं २०१० साली जो अहवाल दिला त्यात यंत्रणांच्या चुकांची मालिकाच मांडली आहे. आयर्लंडमध्ये आहाकिस्ता या समुद्रकाठच्या खेड्यात स्मारक उभं आहे. दर वर्षी २३ जूनला तिथे माणसं जमतात.

काउंटरवरच्या त्या बाईला दोष द्यायला माझं मन धजत नाही. रोज शेकडो प्रवासी, प्रत्येकाची घाई, प्रत्येकाचा आवाज चढलेला. पण आपणही कधीतरी त्या मागच्या रांगेत असतो, नाही का? ‘काय हो किती वेळ लावताय,’ म्हणणाऱ्यांत आपलाही सूर मिसळलेला असतो. त्या दिवशी त्या रांगेनं तिच्यावर जे दडपण आणलं, ते मी विसरू शकत नाही.

कनिष्कनंतर नियम आला तो असा: प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात राहता कामा नये. कागदावर तो आला, पण अंगवळणी पडायला वेळ लागला. २१ डिसेंबर १९८८ ला पॅन ॲमचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर फुटलं तेही एका बिनधन्याच्या सुटकेसमुळेच. आत रेडिओ-कॅसेट प्लेअर होता, त्यात स्फोटक, आणि भोवती कपडे गुंडाळलेले. विमानातले २५९ आणि गावातले ११, असे २७० जीव गेले. तेव्हापासून मात्र हा नियम जगभर कसोशीनं पाळला जाऊ लागला.

आपल्याकडे काय झालं

आपल्या देशात सुरुवातीला भीती होती ती अपहरणाची. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ नावाचं छोटं फोकर विमान लाहोरला पळवलं गेलं आणि पुढे जाळलं गेलं. १९७६ च्या सप्टेंबरात दिल्लीहून मुंबईला येणारं विमान पुन्हा लाहोरलाच नेलं. मग पांडे समिती बसली आणि १९७८ च्या जानेवारीत नागरी विमानवाहतूक सुरक्षेचा वेगळा कक्ष सुरू झाला. कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ पासून, त्याचंच स्वतंत्र खातं झालं. आज आपण विमानतळावर जे नियम पाळतो ते हे खातं ठरवतं.

१९७८ च्या डिसेंबरातला प्रकार ऐकून तर तुम्ही थक्क व्हाल. लखनौहून दिल्लीला जाणारं विमान दोन तरुणांनी वाराणसीला उतरवलं. मागणी काय, तर इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा! आणि हातात होती खेळण्यातली पिस्तुलं. हे दोघे पुढे आमदारसुद्धा झाले. त्यावर मी काही बोलत नाही. पण लहान मुलाच्या हातातलं प्लास्टिकचं पिस्तूल विमानात का नेऊ देत नाहीत, आणि ‘अहो, खेळणं आहे ते,’ या आपल्या बोलण्यावर तिथला जवान का हसत नाही, हे एवढ्यावरून लक्षात येईल. विमानात बसलेल्यांना खरं कुठलं नि खोटं कुठलं ते कळत नाही.

१९९९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं गेलं, ते आठ दिवस आपल्या सगळ्यांना आठवत असतील. प्रवाशांच्या बदल्यात तिघांना सोडावं लागलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. २००० सालच्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात झाली. आज साठहून अधिक विमानतळांवर त्यांचे जवान आहेत आणि त्यांत मुलीही पुष्कळ आहेत.

नीरजा भनोतचं नाव घेतल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. मुंबईची ही बावीस वर्षांची मुलगी. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीला थांबलेलं असताना चार बंदूकधारी आत घुसले. विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचे गणवेश घालून, त्यांच्यासारखीच गाडी घेऊन ते थेट शिडीपर्यंत आले होते. कर्मचाऱ्यांनी वैमानिकांना तत्काळ सावध केलं. वैमानिक वरच्या झडपेतून निसटले आणि त्यामुळे विमान जागचं हललं नाही. अपहरणकर्त्यांनी पासपोर्ट गोळा करायला सांगितले तेव्हा नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवून टाकले. सतरा तासांनी दिवे गेले आणि गोळीबार सुरू झाला. तिनं दार उघडून माणसं बाहेर काढली. स्वतः आधी उडी मारू शकली असती. तिचा तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. अशोकचक्र मिळवणारी ती पहिली स्त्री.

हवाई सुंदरी म्हणजे हसतमुखानं चहा-कॉफी देणारी मुलगी, असं आपल्याकडे अजूनही काही घरांत समजतात. २००१ च्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एक माणूस बुटातल्या स्फोटकाची वात पेटवायला बघत होता, तेव्हा काडी जळल्याचा वास कुणाच्या नाकाला आला? विमानातल्या अशाच मुलींच्या. त्यांनी आरडाओरडा करून झटापट केली, प्रवासी धावले, आणि त्या माणसाला पट्ट्यांनी बांधून ठेवलं. त्या एका माणसापायी अमेरिकेत सरसकट बूट काढावे लागत. २०२५ च्या जुलैपासून तो नियम सैल झाला आहे.

तपासणीच्या दारात

आपल्यापैकी बऱ्याच जणींना बोचते ती अंगझडती. पडद्याआडची ती खोली, पंख्याखाली उभं राहून हात फैलावणं. पण हे लक्षात ठेवा: स्त्रीची तपासणी स्त्रीच करते, आणि ती पडद्याआड करते, हा आपला हक्क आहे. मंगळसूत्र उतरवावं लागत नाही. साडीच्या निऱ्यांवरून हात किंवा ते काठीसारखं यंत्र फिरतं, तेवढंच. गरोदर मुली घाबरतात की यातून किरण तर जात नाहीत ना. ती काठी आणि ती चौकट फक्त धातू ओळखते, त्यात क्ष-किरण नसतात. क्ष-किरण असतात ते सामानाच्या यंत्रात. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल किंवा गुडघ्यात सांधा घातलेला असेल तर आधीच सांगावं, डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा.

आणि आपले लाडू? त्यांचीही एक गंमत आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो. अन्न, कापड, कागद अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात. स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, म्हणजे तीही नारिंगी. त्यामुळे घट्ट दाबून भरलेला डिंकाच्या लाडवांचा डबा किंवा चिक्कीची वीट त्या बिचाऱ्या तपासनिसाला पडद्यावर संशयास्पद ढेकळासारखी दिसते. तो बॅग उघडायला सांगतो, त्याला आपल्या लाडवांवर डोळा ठेवायचा नसतो! म्हणून खाऊचे डबे बॅगेत वर ठेवा, एकावर एक रचून गठ्ठा करू नका, पारदर्शक डबे वापरा. डबा सहज उघडता-मिटता येईल असा असावा. चिकटपट्टीचे दहा वेढे घातलेत तर ते कुणालातरी कापावेच लागतात.

कधी कधी ते एका कापडाच्या तुकड्यानं हात किंवा बॅग पुसून यंत्रात घालतात. स्फोटकांचा कणभर अंश त्यात पकडला जातो. ग्लिसरीन असलेली हाताची मलमं किंवा बागेतलं खत हाताला लागलेलं असेल तर यंत्र उगाचच कुरकुरू शकतं. घाबरायचं कारण नाही, पुन्हा तपासतात आणि सोडतात. फक्त निघायच्या दिवशी कुंड्यांना खत घालायचं काम सुनेवर सोपवा.

पातळ पदार्थांचं बंधन आलं ते २००६ च्या ऑगस्टमध्ये. अटलांटिक ओलांडणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतल्या द्रवस्फोटकांनी उडवायचा कट लंडनच्या पोलिसांनी वेळीच पकडला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मि.लि.पेक्षा मोठी बाटली नाही, आणि सगळ्या बाटल्या मिळून लिटरभराच्या एका पारदर्शक पिशवीत. बाटली अर्धी रिकामी असली तरी बाटलीचा आकार धरतात. काही परदेशी विमानतळांवर नवी यंत्रं आल्यानं हे सैल होतंय, पण येताना-जाताना दोन्हीकडे तसंच असेल असं धरून चालू नका. लोणचं, तूप, मुरंबा, श्रीखंड हे सगळं यात आलं. ते मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत, झाकणाला मेण किंवा पट्टी लावून. बाळाचं दूध आणि औषधं जवळ नेता येतात, औषधांबरोबर चिठ्ठी ठेवा. अमेरिकेच्या विमानात पुडीचे पदार्थ, म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, ३५० मि.लि.च्या डब्याहून जास्त असतील तर हातातल्या बॅगेत नेताना जादा तपासणी होते. तेही मोठ्या बॅगेतच बरे.

अडकित्ता, कात्री, भाजी चिरायची सुरी, लोकरीच्या लोखंडी सुया यांची जागा मोठ्या बॅगेत. उलट मोबाइल चार्ज करायची ती बॅटरी, पॉवर बँक म्हणतात ती, मोठ्या बॅगेत अजिबात नको. ती पेट घेऊ शकते म्हणून हातातच हवी. काडेपेटी आणि लायटर कुठेच नकोत. देवघराच्या पिशवीत उदबत्तीबरोबर काडेपेटी हमखास जाते, ती काढा. आणि सुकं खोबरं! खोबऱ्यात तेल असतं, साठवणीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या दृष्टीनं धोक्याच्या मालात मोडतं. मुलीकडे बाळंतपणाला निघालेल्या कितीतरी आयांच्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावर राहिल्या आहेत. खोबरं तिकडेही मिळतं हो.

‘तेवढं एक पार्सल’

आता खरी अवघड गोष्ट. तुम्ही अमेरिकेला निघालात हे कळायचा अवकाश, की दारावरची घंटा वाजायला लागते. ‘वहिनी, जास्त नाही, अर्धा किलोच आहे.’ ‘काकू, आमच्या मंदारसाठी तेवढं द्याल का? तो येऊन घेऊन जाईल.’ नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. भीड पडते. उद्या आपल्यालाही कुणाकडून काही पाठवायचं असतंच.

त्या आयरिश मुलीलाही बॅग परक्यानं दिलेली नव्हती, हे विसरू नका. आणि दरवेळी बॉम्बच असायला हवा असंही नाही. २०१९ साली मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला फिरायला गेलं. सहलीचा खर्च नात्यातल्या एका बाईनं केला होता आणि तिनंच बरोबर एक पाकीट दिलं होतं. दोह्याच्या विमानतळावर त्यात चार किलोंच्या वर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी गरोदर होती. तिचं बाळ तुरुंगात जन्माला आलं. इकडे घरच्यांनी आणि अमली पदार्थ विरोधी खात्यानं खटपट केली म्हणून २०२१ साली ती निर्दोष सुटून घरी आली. मायेच्या माणसानं दिलेलं पाकीट, म्हणून त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं आहे की बांधून, शिवून, चिकटवून आणलेली वस्तू घ्यायचीच नाही. मग ती सख्ख्या नणंदेची का असेना. याचा अर्थ तोंडावर दार लावायचं असा नाही. ‘अहो, नेते ना मी, पण विमानतळावर विचारतात बॅग कुणी भरली म्हणून. तुम्ही वस्तू सुट्या घेऊन या, आपण दोघी मिळून भरू,’ असं म्हणावं. चहा ठेवावा. समोर बसून डबा उघडावा, चिवडा आपल्या डब्यात ओतावा, कपडे उलगडून पुन्हा घडी घालावे. ज्यांच्या मनात काही नाही त्यांना याचा राग येत नाही, आणि आलाच तर दोन दिवसांत जातो. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी वस्तू, औषधांच्या बिनचिठ्ठीच्या गोळ्या, आतून शिवलेली उशी किंवा गोधडी, मोठी चौकट असलेली तसबीर यांना मात्र नम्रपणे नकारच द्यावा. ‘आमच्या ह्यांना चालत नाही’ ही आपली जुनी सबब अशा वेळी बिनदिक्कत वापरा, इथे ती क्षम्य आहे.

विमानतळावर तर आणखी कठोर राहा. ‘माझं वजन जास्त भरतंय, ही एक बॅग तुमच्या नावावर टाका ना,’ असं म्हणणारी व्यक्ती कितीही सालस दिसो, मराठी बोलो, तुमच्याच गावची निघो, बॅगेवर तुमच्या नावाची चिठ्ठी लागली की ती कायद्यानं तुमची. पाच मिनिटं सामान सांभाळा म्हणणाऱ्यांनाही ‘मला जायचंय’ म्हणून बाजूला व्हा. पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या सासूबाईंना किंवा आईला हे घरीच दोनदा सांगा, कारण अशी गळ नेमकी एकट्या वयस्क बाईला घातली जाते.

आणि काउंटरवरच्या त्या मुलीला खरं उत्तर द्या. शेजाऱ्यांचं पार्सल असेल तर ‘आहे, एक डबा आहे, मी उघडून पाहिलाय’ असं सांगा. तसं सांगणं गुन्हा नाही. फार तर बॅग उघडतील, पाहतील, बंद करतील. दहा मिनिटं जातील. चेष्टा मात्र चुकूनही नको. ‘लाडवांत काय बॉम्ब आहे होय?’ असं हसत म्हणालेल्या माणसांची विमानं चुकली आहेत आणि पोलीसठाण्याची पायरीही चढावी लागली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या विमानकंपन्यांना शेकडो खोट्या धमक्या आल्या, विमानं वाटेत उतरवावी लागली. अशा वातावरणात तिथल्या जवानाकडून विनोदाची दाद मिळायची नाही.

एकदा बॅगा आत गेल्या, हातात बोर्डिंग पास आला, की आपण दुकानं बघत हिंडतो. अत्तरं हुंगतो, नातवासाठी चॉकलेटं निवडतो. तेवढ्यात वर कुठेतरी आपल्या नावासारखं काहीतरी पुकारलं जातं, उच्चार इतका वेडावाकडा की ओळखू येत नाही. ते आपलंच असतं. प्रवासी आला नाही म्हणजे त्याची बॅग उतरवायची, हा कनिष्कनंतरचा नियम. तुम्ही इकडे चॉकलेटांच्या किमती ताडून पाहत असता, आणि तिकडे विमानाच्या पोटात शिरून दोन माणसं तीनशे बॅगांतून तुमची ती लाल रिबीन बांधलेली निळी बॅग शोधत असतात.